घाटापुरतं पाणी

गेल्या नाताळात माझा पुतण्या घरी आला होता. तो खतांच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. नैसर्गिक वायूपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण काढायचं आणि त्यातून पुढे खत, असं त्याचं काम. जेवताना तो सांगत होता, की नव्या विभागासाठी कोणती पद्धत घ्यायची यावरून त्यांच्याकडे कित्येक महिने वाद चाललाय. वाफ वापरली तर हायड्रोजन भरपूर मिळतो, पण उष्णता बाहेरून सारखी पुरवावी लागते. प्राणवायू वापरला तर थोडा वायू आतच जळून उष्णता देतो, पण मग हायड्रोजन कमी. काही जण म्हणतात, दोन्ही बेताबेताने वापरा.

"काका, कंटाळलात ना?" त्याने विचारलं.

"नाही रे. वाफ जास्त झाली की भट्टी थंड पडते, हे तुमच्या साहेब लोकांना कळलंय ना, एवढंच सांग."

तो घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा मला एवढं ठाऊक असणार हे त्याला माहीत होतं. पण मी ते ज्या सुरात बोललो, तो सूर त्याला नवा होता. त्याला काय सांगणार? हा वाद मी दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत संगमनेरला, मोटारीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ऐकला होता. नैसर्गिक वायू तेव्हा आमच्यापैकी कोणी पाहिलाही नव्हता. आमच्याकडे होता राजूरच्या डोंगरातला लाकडी कोळसा. आणि वाद मिटवला होता एका बाईंनी.

मी तेव्हा नुकताच बी.एस्सी. होऊन संगमनेरच्या शाळेत लागलो होतो. आमचं घर नगरचं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, आजोबा नेवाशाकडचे शेतकरी. मी एकटाच खोली घेऊन राहायचो, रविवारी प्रार्थनेला जायचो, आणि उरलेला वेळ शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चार बरण्या पुसण्यात घालवायचो. एके दिवशी मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी बोलावलं. त्यांच्या खोलीच्या दाराशी एक बाई उभ्या होत्या. चाळिशीच्या आतबाहेर, नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. हेडमास्तरांनी खुर्ची दाखवली होती तरी बसल्या नव्हत्या.

त्यांना मी ओळखत होतो. संगमनेरात सगळेच ओळखायचे. त्यांच्या नवऱ्याने शेती सांभाळून संगमनेर ते अकोले आणि पुढे राजूर अशी प्रवासी मोटार सुरू केली होती. तो विषमज्वराने गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं मोटार विकली जाणार. बाईंनी ती विकली नाही. दिवसकार्य उरकल्यावर त्या शेडमध्ये आल्या, ड्रायव्हरला म्हणाल्या, "उद्या गाडी टायमाला निगंल," आणि दुसऱ्या दिवशी स्वतः ड्रायव्हरमागच्या बाकावर बसून राजूरपर्यंत गेल्या. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. मग त्याच लोकांनी त्यांना मालकीणबाई म्हणायला सुरुवात केली.

"मास्तर," त्या मला म्हणाल्या, "पेट्रोलची कुपनं लई कमी झालीत. गाडी आठवड्यातनं दोनदा बी निगत न्हाई. लोक म्हनत्यात कोळशाच्या गॅसवर मोटार चालती. पुन्याचा येजंट सांगतो त्याची भट्टी घ्या. नेवाशाचा एक मोटारवाला म्हनतो माजी बघा. आन आमच्या आळीतला लोहार म्हनतो, कोळसा कशाला, लाकडावरच चालंल अशी मी बनवून देतो. तिघं तीन गोष्टी सांगत्यात. त्यातलं खरं काय, ह्ये तुमी सांगा."

मी म्हणालो, "बाई, मी पुस्तकात वाचलंय. मोटारीवर कधी पाहिलेलं नाही."

"मंग आपन दोघं बघू की," त्या म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर मी शेडवर गेलो. तिथे ड्रायव्हर होते. मुसलमान होते, पन्नाशीचे, अंगाने सडपातळ. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. बाईंनी माझ्यासमोर जमिनीवर एक घमेलं पालथं घातलं, त्यावर मला बसवलं आणि म्हणाल्या, "आता सांगा. पयल्यापासनं सांगा. उस्तादला बी कळाया पायजे, गाडी त्यो चालवनार."

मी सांगितलं, जसं नववीच्या वर्गाला सांगायचो तसं. बंद टाकीत कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, आणि हवा अगदी बेताची द्यायची. कोळसा पुरता जळला तर राखच उरते, कामाचं काही मिळत नाही. पण अर्धवट जळला तर त्यातून एक वायू निघतो जो स्वतः जळू शकतो. तोच गाळून इंजिनात घ्यायचा. हवेतला मोठा भाग मात्र जळतच नाही, तोही सोबत येतो, म्हणून हा गॅस पेट्रोलपेक्षा अशक्त. आता याच लालभडक कोळशावर थोडं पाणी सोडलं, तर त्याची वाफ कोळशाशी मिळून आणखी एक वायू देते, हायड्रोजन. मग गॅस जोरकस होतो.

"मंग पानी सोडायचंच की," उस्ताद म्हणाले.

"पण पाणी विस्तवाची आग खातं. जास्त झालं तर कोळसा काळा पडतो आणि गॅसच बंद."

बाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आन ह्यो वायू इखारी असतो म्हनत्यात?"

"असतो. वास नाही, रंग नाही. बंद जागेत साठला तर माणूस झोपतो आणि उठत नाही."

"हे तुमी शेवटाला का सांगितलं? ह्ये तर पयलं सांगायचं," त्या म्हणाल्या. रागाने नाही, पण मी खजील झालो. पुढच्या वर्षी नववीला हा धडा शिकवताना मी तिथूनच सुरुवात केली.

त्यांनी तिघांनाही निरोप पाठवले: भट्टी घेऊन या, माझ्या गाडीवर लावा, माझ्या घाटात चढवून दाखवा. अकोल्याहून राजूरला जाताना वाटेत घाट लागतो. पेट्रोलवरसुद्धा गाडी तिथे कण्हायची. बाईंचं म्हणणं साधं होतं. सपाटीला कोणतीही भट्टी चालेल. तिन्ही भट्ट्यांना ओझं सारखंच, तांदळाची पोती, माणसं नाहीत. "पोतं घसरलं तर उचलून ठेवता येतं," त्या म्हणाल्या.

पहिली लोहाराची. त्याने दोन पिंपं एकात एक बसवून अशी सुबक भट्टी केली होती की बघत राहावं. लाकूड डोंगरात हवं तेवढं, कोळसा पाडायची यातायात नाही. गाडी अकोल्यापर्यंत झोकात गेली. पण लाकडातून डांबरासारखा चिकट रस निघतो आणि तो गॅसबरोबर इंजिनात जातो. घाटाच्या पायथ्याशीच इंजिनाने मान टाकली. उस्तादांनी झाकण उघडलं तर आतल्या झडपा गुळाच्या ढेपेत बसवल्यासारख्या चिकटलेल्या. लोहार तिथेच रस्त्याच्या कडेला बसला. बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. "तुजं काम नामी हाय," त्या म्हणाल्या, "लाकूडच वंगाळ निगालं. हीच टाकी कोळशाला चालंल का बघ." लोहाराने मान वर केली. मी मनात ही गोष्ट टिपून ठेवली. पडलेल्या माणसाकडून त्याची चांगली गोष्ट तेवढी उचलून घ्यायची, हे मला तोपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरी नेवाशाच्या मोटारवाल्याची. साधी कोरडी भट्टी, पाणी नाही, फक्त हवा. चटकन पेटायची, राख काढायला सोपी. तो माणूसही सरळ. म्हणाला, "आमच्याकडं सगळं सपाट हाय, आमचं भागतं." घाटात गाडी अर्ध्यापर्यंत गेली आणि मग बैल बसावा तशी बसली. पोती उतरवून, गाडी रिकामी करून तिला वर न्यावं लागलं.

तिसरा पुण्याचा एजंट. इस्त्रीची पँट, हातात छापील चित्रांचं पुस्तक. त्याच्या भट्टीला डोक्यावर पाण्याची टाकी होती आणि पाणी आपोआप एका धारेने आत जात राहायचं. "बाईसाहेब, हीच खरी शास्त्रीय पद्धत," तो म्हणाला. आणि गाडी खरंच घाट चढली. पोत्यांसकट चढली. उस्तादांनी वर पोहोचल्यावर हॉर्न वाजवला. एजंटाने पुस्तक मिटलं. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

बाई म्हणाल्या, "आता हितं थांबू. इंजन बंद करा. कोन बाजारातनं येतंय असं समजा, त्याच्यासाठी थांबलो."

थोड्या वेळाने गाडी सुरू करायला गेलो तर होईना. उभ्या गाडीतही पाणी थेंब थेंब झिरपत राहिलं होतं. कोळसा ओला, विस्तव काळा. राख काढून, पुन्हा पेटवून, विस्तवाला हवा देणारा भट्टीचा पंखा हाताने फिरवत बसलो. एजंट म्हणाला, "मध्ये थांबायचं कशाला?"

"माजी गाडी थांबन्यासाठीच हाय," बाई म्हणाल्या. "वाटंवर म्हातारं मानूस हात करतं. त्याला काय सांगू, इस्तू इझंल म्हनून?"

त्या संध्याकाळी त्या गाडीतून उतरून तडक घरी गेल्या. मला वाटलं, नाद सोडला. दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो तर त्या चुलीपुढे बसाव्या तशा लोहाराच्या पिंपापुढे बसल्या होत्या.

"मास्तर, एक सांगा. पानी इस्तवाची आग खातं म्हनता. आन नुसती हवा दिली तर?"

"तर आग वाढत जाते. जरुरीपेक्षा जास्तच. भट्टीचा पत्रा लाल होतो."

"म्हंजी सपाटीला आग उगाच वाया जाती."

"हो."

"मंग ती जमवायची. संगमनेरापासनं अकोल्यापतूर कोरडीच न्यायची. भट्टी तापू द्यायची. आन घाट आला की पानी सोडायचं. घाटापुरतंच. पानी आग खाऊन संपवंल, तवर वर पोचलो आपन. मंग पुन्ना कोरडी."

मी उभाच राहिलो. दोन अभिक्रिया, एक उष्णता देणारी आणि एक घेणारी, यांचा मेळ घालायचा, हे मी फळ्यावर अनेकदा लिहिलं होतं. पण फळ्यावर घाट नव्हता. त्यांनी घाटालाच त्या गणितात घातलं होतं. मी म्हणालो, "होईल. पाण्याला नळ हवा. ड्रायव्हरच्या हाताशी." लोहार पलीकडून म्हणाला, "नळ मी बसवतो." मी थेंबांचा वेग ठरवायला शाळेतली एक काचेची नळी आणली. पारखायची रीत मी सांगितली: भट्टीच्या बाजूला एक छोटी तोटी ठेवायची आणि तिच्यातून निघणारा गॅस पेटवून बघायचा. निळी, ठाम ज्योत म्हणजे गॅस चांगला. लालसर, फडफडणारी म्हणजे अजून थांबा.

याच दिवसांत ती सकाळ आली. थंडी कडाक्याची होती, वारा शेडमध्ये राख उडवत होता. उस्ताद एकटेच लवकर आले, भट्टी पेटवली आणि वाऱ्यामुळे शेडची दोन्ही दारं ओढून घेतली. तोटी उघडी ठेवून ते पंखा फिरवत बसले. गॅस तयार होत होता आणि शेडमध्ये साठत होता.

मी शाळेआधी तिकडे चक्कर टाकायचो. मी पोहोचलो तेव्हा बाई दारापाशी हाका मारत होत्या. आतून उत्तर नाही. आम्ही दार ढकललं. उस्ताद पंख्याच्या दांड्यावर कपाळ टेकून बसले होते, जणू डुलकी लागली आहे. चेहरा लालसर, टवटवीत दिसत होता. तो रंग मी ओळखला, या वायूने माणूस असा दिसतो हे मी वाचलं होतं.

"श्वास धरा!" मी ओरडलो. बाईंनी पदर कमरेला खोचला, आत गेल्या, उस्तादांच्या काखेत हात घातले. मी पाय धरले. आम्ही त्यांना ओढत बाहेर, रस्त्यापर्यंत नेलं. परक्या पुरुषाला हात कसा लावू, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून एकदाही गेला नाही. मी उस्तादांचे हात वरखाली करत राहिलो, छाती दाबत राहिलो. बाई त्यांच्या कानाशी वाकून हाका मारत होत्या, "उस्ताद! अवो उस्ताद! गाडीची येळ झाली!"

त्या हाकेनेच की काय कोण जाणे, त्यांनी मोठा श्वास घेतला आणि ओकारी केली. मग डोकं धरून बसले. दिवसभर डोकं फुटतंय म्हणत होते. संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको दाराच्या आतून बोलली, "मालकीण, आता ह्यांना त्या गाडीवर पाठवणार नाही मी."

बाई उंबऱ्यावर बसल्या. "बरोबर हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "मी बी न्हाई पाठवलं असतं." एवढंच बोलून चहा घेतला आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडच्या दोन बाजूंचे पत्रे उतरवायला लावले. लढाईत पत्रा मिळत नव्हता, लोक जुना पत्रा जपून ठेवायचे, आणि या बाई चांगली शेड उघडी करत होत्या. नुसते चार खांब आणि वर छप्पर राहिलं. वारा आरपार जायला लागला. आता कोणी दार लावू म्हटलं तरी लावता येणार नव्हतं. शिवाय मी म्हटलं, की तोटीतून निघणारा गॅस नुसता सोडून न देता जळतच ठेवायचा, म्हणजे जळलेला वायू विषारी राहत नाही. त्यांनी ते तिथल्या तिथे कायम केलं. तोटीपाशी ज्योत नसेल तर भट्टीजवळ कोणी बसायचं नाही.

दोन-चार दिवसांनी उस्ताद स्वतः आले. उघड्या शेडभोवती एक फेरी मारली. खांबाला हात लावला. "भाबी," ते म्हणाले, "एवढं केलं तर मग नळ तरी माझ्या हाताला येईल असा बसवा. उजव्या बाजूला पाहिजे." बाईंनी तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. मला तेवढंच दिसलं.

गाडी कोळशावर सुरू झाली. कोळसा राजूरच्या पलीकडच्या डोंगरातली माणसं पाडून आणायची. बाई पोतं उघडून हात घालायच्या, कोळसा मुठीत दाबायच्या. कोरडा कोळसा खणखणीत वाजतो, ओला मुका असतो, हे त्यांनीच मला दाखवलं. मी त्यांना ओला का वाईट ते सांगितलं: आपण नळाने मोजून पाणी देतो, त्यात कोळशातलं न मोजलेलं पाणी मिसळलं की सगळा हिशोब चुकतो. अशी आमची देवघेव चालायची. शाळेत कोणी माझं इतकं लक्षपूर्वक ऐकत नव्हतं.

त्याच साली पावसाळा सरता सरता राजूरकडच्या वाड्यांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. अकोल्याच्या दवाखान्याचे डॉक्टर लस घेऊन निघायचे होते. त्यांच्या गाडीला पेट्रोल नव्हतं. त्यांनी बाईंना विचारलं. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही गाडीत होतो. प्रवासी घेतले नाहीत. डॉक्टर, त्यांच्या लशीच्या पेट्या, चुन्याच्या भुकटीची पोती, बाई, मी आणि उस्ताद. सीटखाली एका डब्यात थोडं पेट्रोल राखून ठेवलेलं असायचं, इंजिन सुरू करायला.

अकोल्यापासून रस्ता चिखलाचा. गाडी हळू गेली, म्हणून भट्टी हवी तितकी तापली नाही. घाटाच्या पायथ्याशी उस्तादांनी नळाकडे हात नेला तेव्हा मी म्हणालो, "जरा थांबू या का?" डॉक्टर घड्याळ बघत होते. "चला हो," ते म्हणाले. उस्तादांनी नळ सोडला. गाडी जोरात उचलली गेली, पहिलं वळण झालं, दुसरं झालं, आणि मग आवाज पातळ होत गेला. तिसऱ्या वळणावर, अगदी चढावर, इंजिन बंद.

मी उडी टाकून चाकामागे दगड लावला. डॉक्टर म्हणाले, "डब्यात पेट्रोल आहे ना? ते घाला आणि चला. माणसं मरतायत तिकडे."

बाई खाली उतरल्या. "डॉक्टरसाहेब, त्येवढं पेट्रोल अर्धा घाट बी चढवायचं न्हाई. आन मंग वर अडकलो तर इस्तू न्हाई, पेट्रोल बी न्हाई. थोडा दम धरा." मग माझ्याकडे वळल्या. "मास्तर, इस्तू मेलाय का झोपलाय?"

मी खालची झडप उघडून डोकावलो. मधोमध, राखेच्या आत, एक लाल डोळा दिसत होता. "झोपलाय," मी म्हणालो.

"मंग उठवू."

नळ बंद केला. ओला कोळसा काढून टाकला, पोत्यातला खणखणीत तेवढा वेचून घातला. आणि पंखा फिरवायला लागलो. आधी मी, मग उस्ताद, मग बाई. त्यांच्या बांगड्या नसलेल्या हातांनी त्या दांडा असा फिरवायच्या की जात्याची आठवण व्हावी. डॉक्टर बाजूला येरझाऱ्या घालत होते. थोड्या वेळाने त्यांनी कोट काढला, बाहीची बटणं सोडली आणि म्हणाले, "सरका, मी घेतो." मी तोटीला काडी लावली. लाल ज्योत. पुन्हा फिरवलं. पुन्हा लाल, कडेला किंचित निळी. डॉक्टर म्हणाले, "आता?" बाईंनी मान हलवली. "अजून न्हाई."

त्यांचं ते थांबणं मला फार मोठं वाटलं. त्यांच्या जागी मी असतो तर त्या किंचित निळ्यावरच गाडी काढली असती. त्या मात्र ज्योतीकडे बघत राहिल्या, जशी बाई दुधाकडे बघते. ज्योत निळी झाली, ताठ झाली. तरी थांबल्या. भट्टीच्या पत्र्यावर थुंकीचं बोट लावून पाहिलं. मग म्हणाल्या, "उस्ताद, चला. नळ मी सांगंन तवा."

गाडी सुरू झाली. कोरड्यावरच, गोगलगायीसारखी, पण सरकली. शेवटचा खडा चढ समोर दिसला तेव्हा त्यांनी उस्तादांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. "आता." उस्तादांनी नळ सोडला. इंजिनाचा आवाज भरला, आणि आम्ही वर होतो. पलीकडे राजूरची घरं दिसली. उस्तादांनी नळ बंद केला. डॉक्टर काळ्या हातांनी कपाळ पुसून अजूनच काळे झाले होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं."

"मला लस टोचाया भ्या वाटतं," बाई म्हणाल्या.

राजूरला लोक वाटच बघत होते. देवळापुढे टेबल मांडलं. बाईंनी पहिला दंड पुढे केला, डोळे घट्ट मिटून, म्हणजे बाकीच्या बायका पुढे येतील. त्या आल्या. परत येताना त्याच गाडीतून एका आजारी माणसाला अकोल्याच्या दवाखान्यात आणलं. उतार होता, गाडी हलकी चालत होती. तो माणूस जगला. तिकडच्या वाड्यांमधली काही माणसं मात्र आम्ही पोहोचायच्या आधीच गेली होती, आणि बाई पुढे कित्येक दिवस त्यांच्याबद्दल विचारपूस करत राहिल्या, कोणाचं कोण गेलं, घरात आता कोण आहे.

पुढे पुण्याचा एजंट पुन्हा आला. त्याने नळ पाहिला, उघडी शेड पाहिली, आणि मोकळेपणाने म्हणाला, "आमच्या कारखान्याला हे सांगतो." सांगितलं की नाही, ठाऊक नाही. लोहाराला मात्र त्यानंतर संगमनेर, अकोले, नेवासा इथून कामं येत राहिली, आणि प्रत्येक भट्टीला तो उजव्या हाताशी नळ लावायचा.

लढाई संपली तरी पेट्रोल सुरळीत व्हायला वेळ लागला, तोवर गाडी कोळशावरच होती. मग भट्टी उतरली. बाईंनी ती आपल्या शेतावर, प्रवरेकाठच्या विहिरीवर इंजिनाला जोडली आणि उसाला पाणी दिलं. माझी बदली नगरला झाली. त्यानंतर प्रवासी वाहतूक सरकारने घेतली, छोट्या मोटारवाल्यांचे परवाने गेले. मला कोणीतरी सांगितलं की मालकीणबाईंची गाडी बंद झाली. मला वाटलं, त्या खचल्या असतील. सुट्टीत मुद्दाम संगमनेरला गेलो.

त्या घरी नव्हत्या. सरकारी डेपोत गेल्यात, असं कळलं. तिथे गेलो तर पटांगणात एक नवी निळी बस उलटी मागे येत होती. आत उस्ताद. ड्रायव्हरच्या भरतीची परीक्षा चालली होती. बाई भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या, पदर डोक्यावर. उस्तादांचं वय जास्त म्हणून साहेबांनी नाव वगळलं होतं. बाई तीन वेळा येऊन बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, आधी चालवताना बघा, मग वय विचारा.

बस खुणेच्या दोन बांबूंमधून सरळ मागे आली आणि थांबली. साहेबाने कागदावर काहीतरी लिहिलं. बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं, मला ओळखलं आणि जणू काल भेटलो असू तसं म्हणाल्या, "बघितलं मास्तर? बांबूला लागली बी न्हाई."